इंजिन बंद केल्यावर

ह्यांनी अडतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा छापल्या,
एकही आपली नाही.
रिटायर झाल्यावर जे हाती आलं
त्यातला एक गठ्ठा बाजूला काढून म्हणाले,
नॉर्वे.
मी म्हटलं, आधी बाथरूमची गळती बघा.

गळती अजून आहे.

जेल रोडवरून निघालो तेव्हा बोराडे वहिनींनी
लोकरीचे मोजे दिले, स्वतः विणलेले,
एक हिरवा, एक त्याहून हिरवा.
त्या बंदराचं नाव अजून जिभेवर बसत नाही.
दुपारी दीडला दिवेलागण.
डोंगर थेट पाण्यातूनच उभे.
आपल्या अंजनेरीला आधी गाव लागतं,
चहाची टपरी लागते, मग चढ.
तिथे मधलं काहीच नाही.

बोटीवर नारिंगी सूट घालायचा होता.
ह्यांना चेन लावता येईना.
तूरिल नावाची पोरगी, आमच्या नातीएवढी,
समोर गुडघ्यावर बसली
आणि शाळेत सोडताना आई ओढते तशी
चेन गळ्यापर्यंत ओढून दिली.
हे एकदम शहाण्यासारखे उभे राहिले.
इतकं शहाणं मी त्यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

पहिला तास मी कठड्याला धरून ओकत होते.
ते लिहीत नाही.

मग तिने इंजिन बंद केलं.
आम्ही बारा माणसं, त्यात चार सुरतची,
सगळी गप्प. सुरतचीसुद्धा.
आणि काळ्या पाण्यात,
समोरच्या घराचा ओटा असतो तेवढ्या अंतरावर,
कोणीतरी श्वास सोडला.

मी ह्यांच्याकडे वळले.
हे भलत्याच दिशेला बघून हसत होते.
कान छपाईच्या यंत्रांनी केव्हाच नेलेले,
कानातल्या मशीनची बॅटरी थंडीने बसलेली.
पाठ दिसली त्यांना नंतर. शेपूटही दिसली,
पाण्यावर ओली चादर झटकावी तशी.
श्वास तेवढा राहिला.

सोसायटीच्या हॉलमध्ये फोटो दाखवले.
सगळ्यांनी विचारलं, किती पडले?
ह्यांनी आकडा सांगितला, खरा.
रात्री दिवा मालवल्यावर मला विचारलं,
कसा होता गं आवाज?

ट्यूबमधून हवा सुटते तसा?
नाही.
म्हशीसारखा?
थोडासा. पण म्हैस आपल्याला ओळखून फुसफुसते.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, म्हणजे त्याने ओळखलं नाही.

मार्चमध्ये गंगापूर धरणावर गेलो.
बोटवाला बेंडकोळ्यांचा सागर.
मी म्हटलं, मधोमध गेल्यावर इंजिन बंद कर.
काकू, वेळ चालू राहील.
राहू दे.
पाणी तळाला थापट्या मारत राहिलं.
एक पाणकावळा बुडाला,
आपल्याला वाटलं तिथे वर आला नाही.
हे पाण्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते,
मला काही ऐकू आलं की लगेच कळावं म्हणून.
काहीच आलं नाही. उन्हाने डोकं मात्र चढलं.
सागरने पाच मिनिटांचे पैसे घेतले नाहीत.

आणि काल सकाळी, तुरीची डाळ लावलेली,
मी कोथिंबीर निवडत होते,
शिट्टीच्या आधी कुकर जड होतो, थरथरतो,
आणि झाकणाखालून एकदा
फ्फू

मी ओरडलेच. मग आठवलं, ओरडून उपयोग नाही.
हॉलमधून त्यांना हाताला धरून आणलं,
पेपर हातातच होता,
त्यांचा तळवा वाफेच्या वर, भाजणार नाही इतका, धरला.

असा?
असा. पण गार.
आणि ह्या बिल्डिंगएवढ्या मोठ्या कुणाचा तरी.

त्यांनी हात काढला नाही.
एक शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी.
दोघांपैकी कोणी गॅस बारीक केला नाही.
डाळ काल फार गाळ झाली होती.